पोस्टरवर हिराबाईच का?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीचं महिला मंडळ मतदार नोंदणीसाठी पोस्टर करतंय. त्यावर हिराबाई बडोदेकरांचं चित्र असावं असं मला वाटतं, पण बाकीच्या म्हणतात गायिकेचा आणि मतदानाचा काय संबंध, सिरीयलमधली कोणीतरी घ्या. काय करू?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : हिराबाईच घ्या, अजिबात मागे हटू नका. १९०५ साली मिरजेत जन्मलेली ही बाई, चारचौघांत गाणं हे घरंदाज बाईचं काम नाही असं मानायचे त्या काळात तिकीट लावून जाहीर मैफली करायला लागली, स्टेजवर शांत बसून, अदा नाहीत काही नाही, नुसतं किराणा घराण्याचं शास्त्रीय गाणं. वडील अब्दुल करीम खाँ केवढे मोठे गवई, पण लोक तिकीट काढायचे ते हिराबाईंच्या नावावर.

आणि मतदानाशी संबंध इथेच येतो बघा, बाईच्या स्वतःच्या नावाशी. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण नोंदवताना त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. मला हे वाचून अजून त्रास होतो. म्हणून पोस्टरवर लिहा, ‘माझं नाव यादीत आहे, तुमचं?’ बास, एवढी एकच ओळ.

तुमच्याकडे लग्न होऊन आलेल्या कितीतरी सुनांची नावं अजून माहेरच्या यादीत असतील, त्यांना फॉर्म ८ भरायला सांगा, पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांना फॉर्म ६. सतरा पूर्ण झालेल्या मुलीही आधीच अर्ज करू शकतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यातल्या ज्या तारखेला अठरा पूर्ण असतील त्यानुसार नाव लागतं. हे सगळं खाली बारीक अक्षरात, वर फक्त चेहरा आणि तानपुरा, चेहरा इतका मोठा की लिफ्टमधून उतरताना दिसलाच पाहिजे.

नेटवरचा फोटो तसाच उचलू नका, त्यावर कोणाचा कॉपीराइट असू शकतो, मंडळातल्या चित्र काढणाऱ्या मुलीकडून दोन-चार फोटो बघून नवीन काढून घ्या. कुठल्या पार्टीचा वाटेल असा रंग नको. आणि रस्त्यावरच्या भिंतींना, विजेच्या खांबांना चिकटवू नका प्लीज, १९९५ च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्यात ते बसत नाही, सोसायटीचा नोटीस बोर्ड, लिफ्ट, क्लबहाऊस, आणि डेअरीवाल्याला विचारून त्याच्या दुकानात आतल्या बाजूला.