साडेतीन वर्षांच्या मुलाला कवळी आत्ता बसवावी की मोठेपणी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेले कृत्रिम दात) करावेत?

तुमच्या मुलाला हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिसप्लेशिया (दात, केस आणि घामाच्या ग्रंथी नीट न बनण्याचा जन्मजात आजार) आहे, वर दोनच टोकदार दात आहेत आणि खालचा जबडा बोळका आहे, म्हणून विचारताय. कवळी आत्ताच करा. तीन-चार वर्षांचं मूल तोंडात साचा ठेवून जबड्याचं माप देऊ शकतं, आणि चावणं, 'त-द-स' उच्चारणं याच वयात पक्कं होतं.

ते दोन दात मात्र कुणालाही काढू देऊ नका. त्यांच्या मुळांमुळे आजूबाजूचं हाड टिकतं. टोकदार दातावर कवळीची तार घसरते, म्हणून आधी कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरायचं साहित्य) चढवून त्याला नेहमीच्या दाताचा आकार देतात.

मापासाठी सकाळची वेळ आणि एसी असलेली खोली मागा. या मुलांना घाम फारच कमी येतो, त्यामुळे रडारडीत अंग तापतं. ओला रुमाल जवळ ठेवा. मूल ताठ बसलेलं असावं, आणि माप आधी खालचं घ्यावं. वरच्या मापाने उमासे येतात आणि पोर पुन्हा तोंड उघडत नाही.

कवळी मिळाली की पहिल्या दिवशी अर्धा तास घातली तरी पुरे. आठवडाभराने मऊ खिचडी द्या. खालची कवळी हलणारच, कारण दात नसलेलं हाड धारेसारखं बारीक असतं. ती जमायला वेळ लागतो. हिरडी लाल दिसली तर डॉक्टरांकडे जा, घरी कानशीने घासू नका. झोपताना काढून पाण्यात ठेवा. धुवायला मऊ ब्रश आणि साबण वापरा, टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात. जबडा वाढतो तशी ती घट्ट होते, तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी दाखवा. काही वर्षांत नवी करावीच लागते.

लाळ कमी असल्याने उरलेले दात लवकर किडतात. 1000 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी, दोन वेळा. शिवाय दर 3 महिन्यांनी फ्लोराइड वार्निश (डॉक्टर दातांवर लावतात तो फ्लोराइडचा लेप).

इम्प्लांट हाडाला चिकटून बसतो, वाढीबरोबर दातासारखा सरकत नाही. आत्ता घातला तर पुढे खोल रुतलेला दिसतो. खालच्या जबड्याचा पुढचा भाग सोडला, तर वाढ थांबेपर्यंत थांबतात. पाच-सहाव्या वर्षी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढा, कायमचे दात किती आहेत ते कळेल.

आणि आईचेही दात तपासून घ्या. एखादा दात कमी किंवा टोकदार असेल, तर दोष तिच्या एक्स गुणसूत्रावरून आलेला असू शकतो. यात तिची काही चूक नाही, पण दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या.