नाट्यशास्त्र विभागात नव्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांचं स्वागत कसं करावं?

तुमच्या विभागात यंदा गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडची पोरं बरीच आली आहेत, त्यांच्या घरच्यांना एक दिवस बोलावून काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय. मी ब्रह्मपुरीकडचा धानाचा शेतकरी. मुलगी नाट्यशास्त्रात एम.ए. झाली, म्हणून बापाच्या बाजूनं लिहितो.

'रंगभूमीचं महत्त्व' हे भाषण आधी काढून टाका. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागली की होळीपर्यंत नाटकंच नाटकं. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, पडदा रात्री उशिरा उघडतो अन् पहाटेपर्यंत कोणी जागचं हलत नाही. गावात नाटक म्हणजे घराघरात पाहुणे, लेकी माहेरी, सोयरिकीची बोलणीही त्याच गर्दीत. झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या भागाचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. आमच्यासारख्या माणसाला नाटकाची थोरवी सांगायला गेलात तर तो मान डोलवेल अन् चहा कधी येतो ते पाहील.

खरी गोची वेगळी आहे. नाटक पाहायला सगळे तयार, पण घरची पोरगी त्यात उभी राहिली की लोक नावं ठेवतात. पूर्वी आमच्याकडे बायांची कामं पुरुषच करायचे. आता बाहेरून नट्या येतात, टाळ्याही पडतात. पण सून म्हणून नटी कोणाला पाहिजे? हे भरल्या सभेत कोणी विचारणार नाही. म्हणून सभा भरवूच नका. चार-पाच घरं मिळून एक शिक्षक, सतरंजीवर बसून बोला. जमलं तर सोबत आधीच्या बॅचमधल्या मुलीची आई असू द्या. आई आईला मोकळेपणानं विचारते: तालीम रात्री किती वाजता सुटते, होस्टेलपर्यंत सोबत कोण राहते, वॉर्डनबाई फोन उचलते का. याची उत्तरं घड्याळाच्या काट्यानिशी द्या. 'काळजी करू नका' म्हटल्यानं काळजी वाढते.

दुसरं, तालमीचं. आमच्या नाटकात नटाला वाक्यं सांगणाऱ्या प्रॉम्प्टरचा मोठा आधार असतो; एका हंगामात नट किती नाटकं करतो, सगळी पाठ कशी राहणार? त्यामुळे तुमच्याकडे महिना-दीड महिना तालीम चालते अन् प्रयोग दोनच होतात, हे ऐकून माझे मोठे भाऊ म्हणाले, 'म्हणजे धंदा बुडीतच की!' हे तोंडानं पटवता येत नाही, दाखवावं लागते. एकच छोटा प्रवेश आधी ट्यूबलाइटमध्ये करून दाखवा, मग तोच प्रकाशयोजनेसकट. आमच्या वेळी एका विद्यार्थ्यानं माझ्या बायकोला लाइटच्या बोर्डापाशी बसवलं अन् एक खटका हळूहळू वर सरकवायला सांगितला. समोर कोरी भिंत होती, तिच्यावर उजाडायला लागलं. तिनं हात मागे घेतला, मग पुन्हा स्वतःच सरकवला. पोरगी दिवसभर काय करते हे तिला तिथं कळलं, मला वाटते माझ्याआधी.

'पुढं काय?' हे बाप विचारणारच. मोठमोठ्या नटांचे फोटो दाखवू नका. मागच्या दोन-तीन बॅचची पोरं आज कुठं आहेत ते सांगा, कापडाच्या दुकानात बसलेल्यासकट. एम.ए. नंतर परफॉर्मिंग आर्ट्समध्ये नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची परीक्षा, देता येते हे फार थोड्यांना माहीत असते. नोकरीची हमी देऊ नका, आम्ही पावसाच्या भरवशावर शेती करणारे लोक आहोत, हमी नसलेलं समजते आम्हाला.

ऑफिसातला एक माणूस मात्र दिवसभर तिथंच बसवा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा ऑनलाइन अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, इथंच आमचं घोडं अडते. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र पालकांनाही द्यावं लागते. ते मराठीत वाचून दाखवा. नुसतं 'इथं सही करा' म्हणणारे आम्ही तहसीलमध्ये रोज पाहतो.

तारीख सांभाळा. जुलै-ऑगस्टात रोवणी, म्हणजे धानाची रोपं लावणं, असते, तेव्हा बाया चिखलात असतात अन् मजूर मिळत नाहीत. आई तर येणारच नाही. रोवणी आटोपली की ठेवा, फक्त पोळा टाळा. दुपारी तीनपर्यंत मोकळं करा, नाही तर आतल्या गावची शेवटची एसटी हुकते. अन् जेवणात भात ठेवा बाप्पा, पनीर-पोळीवर आमचं पोट भरत नाही.