गार, गारगोटी आणि स्फटिक

प्रश्न मेहकर तालुक्यातून आलाय. विहीर खोदताना काळ्या पाषाणातून पांढरे, चकाकणारे खडे निघाले. घरातली म्हातारी माणसं त्यांना 'गारा' म्हणतात. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या वहीत मात्र वाक्य आहे, 'तापमान वाढले की स्फटिकाची स्फटिकरचना बदलते.' मग स्फटिक म्हणजे खडा की त्याची रचना?

दोन्ही, आणि घोळ तिथंच आहे. संस्कृतातून आलेला 'स्फटिक' मुळात पारदर्शक गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा शब्द. स्फटिकाची माळ त्याचीच. पाठ्यपुस्तकांनी तोच 'क्रिस्टल'साठी घेतला आणि मिठासाखरेचेही स्फटिक झाले. माझ्या मते खनिजाला सरळ गारगोटी म्हणावं, स्फटिक रचनेसाठी राखावा. गार तर आपल्याकडे आभाळातूनही पडते नि धुऱ्यावरही सापडते. ग्रीकांचा 'क्रुस्तालोस'सुद्धा आधी बर्फालाच म्हणत.

आता वहीतलं वाक्य. गारगोटीत सिलिकॉनचा अणू चार ऑक्सिजनच्या मधोमध असतो आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये सामाईक. चहूबाजूंनी जोडलेला हा सांगाडा ५७३ अंश सेल्सिअसला एकदम पवित्रा बदलतो. जुनी बाज तिरकी होते तेव्हा लाकूड मोडत नाही, फक्त सांध्यातले कोन बदलतात, तसंच हे. तापली की बाज सरळ, निवली की पुन्हा तिरकी. त्या क्षणी आकारमान झटक्यात बदलतं, म्हणून गारगोटीची रेती असलेलं भांडं भट्टीतून घाईनं निवलं तर तडकू शकतं. ८७० अंशांच्या वर ट्रिडिमाइट आणि १४७० च्या वर क्रिस्टोबलाइट ही याच घटकांची वेगळ्या सांगाड्याची रूपं स्थिर असतात, पण तिथं पोहोचायला जुने बंध तुटून नवे जुळावे लागतात. ते काम फार रेंगाळतं.

घटक बदलले तरी सांगाडा बदलतो. काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आलं की धनभार कमी पडतो. तो भरून काढायला पोटॅशियम, सोडियम किंवा कॅल्शियम पोकळीत येऊन बसतं. हे झालं फेल्डस्पार. पोटॅशियमच्या फेल्डस्पारमध्ये तर दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात: तापलेलं असताना ॲल्युमिनियम नि सिलिकॉन कुठंही बसतात, ते सॅनिडीन, सावकाश निवताना ॲल्युमिनियम ठरावीक जागा धरतं, सममिती घटते आणि मायक्रोक्लाइन होतं.

राहिला तुमचा खडा. भंडारा-गोंदियाकडं निघाला असता तर मी डोळे मिटून गारगोटी म्हटलं असतं. तुमच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटीही असते, पण झिओलाइट भरपूर. तोही असाच सांगाडा, फक्त पोकळ्या मोठ्या नि त्यांत पाणी. तापवलं की पाणी निघून जातं. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये ग्रीकमधून नाव दिलं ते त्यावरूनच, 'उकळणारा दगड'. पाणी गेल्यावर काही झिओलाइटांचा सांगाडा तसाच उभा राहतो, ह्युलँडाइटसारख्यांचा मात्र जास्त तापवल्यावर ढासळतो.

पारख घरीच होईल. खड्याच्या टोकानं बाटलीची काच ओरखडून पाहा. गारगोटी सहज चरा पाडते, आणि दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर जोरात घासल्या तर उजेडही दिसतो. चरा न पडता पातळ, मोत्यासारखे चमकणारे पापुद्रे सुटले तर बहुधा स्टिल्बाइट किंवा ह्युलँडाइट, म्हणजे झिओलाइटच. आणि चुरा करून त्यावर लिंबू पिळल्यावर बुडबुडे आले, तर गारगोटी नाही नि झिओलाइटही नाही, ते कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज.