पहिली पंधरा मिनिटं फोनवर घालवू नका

सांगलीचे चौघे, फेब्रुवारीत हिमाचलात बर्फातला ट्रेक, आणि 'गाइड आहे की, बीकन-बिकन कशाला' हे बुकिंगवाल्याचं उत्तर. बीकन म्हणजे हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधायला प्रत्येकाने अंगावर बांधायचं, सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र. तुमची पोस्ट वाचून रात्री नीट झोप लागली नाही. नऊ वर्षांपूर्वी साताऱ्याहून आम्ही पाच जण हेच ऐकून निघालो होतो.

बूट, थर्मल, दमसास यावर काही लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. आमची चूक तेवढी सांगतो.

उतार आडवा कापत होतो, सगळे एका ओळीत. वरून 'धप्प' असा दबका आवाज झाला, बर्फाचा थर सुटून खाली आला आणि मधला मित्र दिसेनासा झाला. मी काय केलं? खिशातून फोन काढला. नेमकी रेंज होती. एका कार्यालयात लागला. पलीकडून परवान्याचा नंबर, गटप्रमुखाचं नाव, आधार कार्ड असं एकेक विचारत गेले आणि शेवटी 'हा भाग आमच्याकडे येत नाही, दुसरा नंबर घ्या.' अकरा मिनिटं गेली. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही, पण फोन मीच धरून बसलो होतो.

शेवटी एकाला सॅकच्या पिवळ्या कव्हरचा कोपरा दिसला. फावडं नव्हतं, जेवणाच्या ताटल्यांनी उकरलं. लोट थांबला की बर्फ सिमेंटसारखा आवळतो, ताटल्या वाकल्या. मित्राचे ओठ निळे पडले होते. त्याच्याच श्वासाने तोंडासमोर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा धरला होता. तोंडात बोट घालून बर्फ काढला, तेव्हा तो खोकला. वाचला. आजही लिफ्टमध्ये चढत नाही.

गाडलेला माणूस बहुतेक वेळा थंडीने नाही, गुदमरून जातो. साधारण पंधरा मिनिटांच्या आत काढलेल्या 10 पैकी 9 जण वाचतात, अर्ध्या तासानंतर जेमतेम 3. सियाचिनमध्ये 2016 साली लष्कराचे जवान हनुमंतप्पा कोप्पड 6 दिवसांनी जिवंत सापडले, हे उदाहरण सगळे देतात. पण तो अपवाद होता, आणि तेही पुढे दवाखान्यात वारले. आपल्याकडे दरड पडली की फोन करायचा आणि जेसीबीची वाट बघायची, ही सवय हाडात मुरली आहे. तिथे पंधरा मिनिटांत कोणी येत नाही. जे करायचं ते तुम्हीच.

म्हणून प्रत्येकाकडे बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडं हवंच. एकाकडे असून उपयोग नाही. भाड्याने आणा आणि निघण्याआधी उसाच्या पाचटाच्या ढिगात एक बीकन लपवून घड्याळ लावून शोधा. शोधणाऱ्या सगळ्यांनी आपलं यंत्र 'शोध'वर टाकायचं. एकाचं जरी 'पाठव'वर राहिलं तरी सगळे त्याच्याचभोवती फिरत बसतात. प्रोब लागला की डोक्यावरून खणू नका, उताराच्या खालच्या बाजूने आत शिरा. 30 ते 45 अंशांचा उतार एकेकाने ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. ताजा बर्फ पडला असेल तर माझ्या मते जाऊच नका.

मी डॉक्टर नाही, फौजीही नाही. जमलं तर मनालीकडे एक दिवसाचं प्रशिक्षण घ्या. मदत मागायचीच नाही असंही नाही. माणसं पुरेशी असतील तर एकाने फोन करावा, बाकीच्यांनी शोध थांबवू नये. शोधणाऱ्याने मात्र स्वतःचा फोन बंद ठेवावा, बीकनच्या जवळ चालू फोन असला की सिग्नल भरकटतो. हे आम्हाला परत आल्यावर कळलं.

बुकिंगवाल्याला आजच विचारा, बीकन किती आहेत. आकडा सांगता आला नाही तर ॲडव्हान्स बुडाला तरी चालेल, दुसरा बघा.