बोअरला पाणी आहे हो, पण घराला पुरेल का?

या वेळी आलेली बरीच पत्रं पाण्याचीच होती, म्हणून सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : नमस्कार. आम्ही एक घर विकत घ्यायचं बघतोय. तिथे नळयोजना नाही, घराचा स्वतःचा बोअर आहे. मालकांनी आमच्यासमोर मोटर चालू केली, पंधरा मिनिटं पाणी अगदी धो धो आलं, म्हणाले दोन इंच पाणी आहे, आजवर कधी कमी पडलं नाही. पण ते दोघंच राहतात आणि आम्ही पाच जण, त्यात दोन लहान मुलं म्हणजे कपडे रोजचे. एवढ्यावर हो म्हणावं का?

उत्तर : एवढ्यावर नको. त्या पंधरा मिनिटांत तुम्ही मोटर बघितलीत, बोअर बघायचा अजून बाकी आहे.

बोअरमध्ये पाणी आधीच साठून उभं असतं. साडेसहा इंची बोअर असेल तर दर मीटरला साधारण २१ लिटर मावतं. समजा मोटरच्या वर ३६ मीटर पाणी आहे, म्हणजे साडेसातशे लिटर आयतंच भरलेलं. आता मोटर मिनिटाला ४० लिटर ओढतेय आणि खडकाच्या भेगांमधून आत येतंय फक्त ५, तरी २०-२२ मिनिटं नळाला काही कळणार नाही, तो आपला धो धोच वाहणार आणि मग एकदम हवा मारायला लागणार. मालक खोटं बोलतायत असं मी अजिबात म्हणत नाही. दोघांच्या घराला हा साठाच दिवसभर पुरत असेल आणि रात्रीत परत भरत असेल, तळ बघायची वेळच त्यांच्यावर आली नसेल.

ते 'दोन इंच' म्हणजे नक्की काय तेही विचारून घ्या. ड्रिलवाले बोअर मारताना वर आलेलं पाणी व्ही आकाराच्या खाचेतून सोडतात आणि खाचेत पाणी किती उंच चढलं ते इंचात सांगतात. ९० अंशाची खाच असली तर १ इंच म्हणजे मिनिटाला ८-९ लिटर आणि २ इंच म्हणजे ४८ च्या आसपास. दुप्पट नव्हे, साडेपाच पट! त्यामुळे एक इंच आणि दोन इंच यात वाटतो त्याच्यापेक्षा फार मोठा फरक आहे. पण कितीतरी लोक नुसता डिलिव्हरी पाईप दोन इंची आहे म्हणूनही 'दोन इंच पाणी' म्हणतात, आणि पाईपच्या मापाचा बोअरच्या आवकेशी काही संबंध नाही. शिवाय ड्रिलिंगच्या दिवशीचा आकडा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवलेल्या पाण्याचा असतो, तोही थोड्या वेळापुरता. अंदाज म्हणून ठीक, त्यावर घर घेऊ नये.

आता तुमची गरज बघू. मूलभूत गरजांसाठी माणशी रोज ५० ते १०० लिटर असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मी घराचा हिशोब माणशी १५० ने करतो, कारण वॉशिंग मशीन, फ्लश आणि दोन लहान मुलं कागदावरचा आकडा पाळत नाहीत. पाच जणांचे ७५०, पाहुणे आणि कुंड्या धरून हजार म्हणा. दिवसाची मिनिटं १४४०, म्हणजे मिनिटाला एक लिटरपण लागत नाही! म्हणजे दिवसाचा विचार केला तर अगदी बारीक धारेचा बोअरसुद्धा घर चालवू शकतो. घोळ होतो तो सकाळी, जेव्हा दोन बाथरूम, किचन आणि मशीन सगळं एकाच तासात सुरू असतं. पण सकाळची घाई टाकीने भागवता येते. दिवसाला लागणारं पाणी मात्र बोअरनेच द्यावं लागतं, आणि मोजायचं तेच आहे.

मालकांकडून एक पूर्ण दिवस मागून घ्या. आदल्या रात्रीपासून मोटर बंद ठेवायची, १०-१२ तास उपसा नको. सकाळी पाण्याची पातळी मोजा, जमिनीपासून किती खाली आहे ते. पातळी मोजायचं इलेक्ट्रिक यंत्र मिळतं, पाण्याला टेकलं की आवाज देतं, नाहीतर स्टीलच्या टेपच्या शेवटच्या भागाला खडू फासून सोडला की खडू कुठवर भिजला त्यावरून कळतं. टेप आधी ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून घ्या, आणि हळू सोडा, मोटरच्या केबलमध्ये अडकली तर भलतंच काम निघतं. मग मोटर चालू करून व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवा. २० लिटरची बादली किती सेकंदात भरते ते घड्याळावर बघा, ६० सेकंदात भरली तर मिनिटाला २०, दोन मिनिटांत भरली तर १०. दर १०-१५ मिनिटांनी पातळी लिहा. सुरुवातीला ती भराभर खाली जाणारच, त्याला घाबरू नका. एका ठिकाणी येऊन दोन-तीन तास तिथेच थांबली तर जेवढं बाहेर येतंय तेवढंच आत येतंय असं समजा, बादलीने सांगितलेला आकडा तुमचा. जातच राहिली तर व्हॉल्व्ह आणखी आवळा आणि परत बघा. एकूण चार तास तरी द्या, जास्त दिलेत तर उत्तमच. मोटर कोरडी पडेपर्यंत मात्र ओढू नका, सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडालेली मोटर, पाण्यानेच थंड राहते, कोरडी चालली की जळते आणि तो वाद मग तुमच्यात आणि मालकांमध्ये.

मोटर बंद केल्यावर लगेच घरी जाऊ नका हो, पातळी परत वर यायला किती वेळ लागतो तेही लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कालच्या जागेच्या जवळपास आली तर बरं. मीटरभर खालीच राहिली तर बोअर रोजच्या त्या उपशाला पुरा पडत नाही, आज दिसलेलं पाणी उद्याच्या खात्यातून गेलेलं आहे.

आणि हे सगळं पावसाळा संपल्या संपल्या केलं तर निकाल गोडच येणार. टेस्ट कोरड्या ऋतूच्या शेवटच्या आठवड्यांत, शेजारच्यांच्या मोटरी चालू असताना करायची. तेवढं थांबता येत नसेल तर आलेला आकडा निम्मा धरून चाला. निम्मा हा नियम वगैरे नाही, माझा आपला सावधपणा आहे.

प्रश्न : आमचा बोअर मोजला तर मिनिटाला जेमतेम ३ लिटर. घरात सहा माणसं. सगळे म्हणतात दुसरा बोअर मारा. मारावा का? सकाळी साडेसातला नळ फुसफुसतो आणि संध्याकाळी परत व्यवस्थित असतो.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. ३ लिटरने दिवसाला ४,३२० लिटर होतात. सहा माणसांना हजार-बाराशे पुरे. बोअर रात्रभर देत असतो आणि त्या वेळी तुम्ही घेत नसता, मग सकाळी एका तासात सगळं मागता. दुसऱ्या बोअरला पाणी लागेलच असं कुणी लिहून देत नाही, टाकीत मात्र जेवढं भराल तेवढं असतंच.

दीड-दोन दिवसांची गरज मावेल अशी टाकी घ्या, तुमच्यासाठी २,००० लिटर ठीक. मोटरला टायमर लावा, १० मिनिटं चालू, तासभर बंद, असं दिवस-रात्र, वेळा तुमच्या बोअरच्या भरण्याप्रमाणे कमीजास्त करा. सोबत ड्राय रन कटऑफ, म्हणजे पाणी तुटलं की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र, पाहिजेच, आणि टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट. टाकीतून घरात प्रेशर हवं असेल तर छोटा पंप वेगळा. मोटर मोठी बसवू नका! कमी पाण्याच्या बोअरवर लोक हमखास हाच उपाय करतात, आणि त्याने पाणी वाढत नाही, फक्त लवकर तुटतं.

टाकी मागवायच्या आधी एक फुकटची टेस्ट. रात्री सगळे नळ बंद करून सध्या आहे त्या टाकीच्या पातळीला खूण करा, सकाळी बघा. फ्लशमधून गळणारं पाणी आवाज करत नाही आणि दिवसाला शेकड्यांनी लिटर जाऊ शकतं. बरेचदा बोअर निर्दोष सुटतो.

प्रश्न : आमची बोअर नाही, उघडी विहीर आहे, गोल, १० फूट व्यासाची. बादलीची टेस्ट इथे कशी करायची? मोटर तर दिवसभर चालली तरी पाणी तुटत नाही, पण हल्ली उशिरा भरते असं आई म्हणते.

उत्तर : आईंची नजर पक्की आहे, तुम्ही फक्त तिला आकडे द्या. १० फूट व्यासाच्या विहिरीत दर फुटाला सुमारे २,२०० लिटर असतं. साठा एवढा मोठा म्हटल्यावर मोटर बघून काहीच कळणार नाही, इथे उपसायचं, थांबायचं आणि भरताना मोजायचं.

दोरीला वजन बांधा, फुटाफुटावर खुणा करा. पाणी ३ फूट खाली आणा, मोटर बंद. समजा पहिला फूट २ तासांत चढला. २,२०० भागिले १२० मिनिटं, म्हणजे मिनिटाला १८ लिटर. इथेच लोक चुकतात, १८ ला १४४० ने गुणतात आणि दिवसाला २६ हजार लिटर पाणी आहे म्हणून खूश होतात. पण विहीर वर येईल तशी आवक मंदावते, कारण बाहेरच्या पाण्याची आणि आतल्या पाण्याची पातळी जितकी जवळ येते तितका आत ढकलणारा जोर कमी. त्याच विहिरीला दुसरा फूट चढायला साडेतीन तासांच्या आसपास लागतील, आणि नंतरचा अर्धा फूट चढायला परत तेवढेच. म्हणून एका तासावरून दिवस मोजू नका. सरळ बघा, २४ तासांत एकूण किती फूट चढलं, त्याला २,२०० ने गुणा, ती झाली त्या उपशाची दिवसाची आवक.

हे वर्षातून दोनदा, कोरड्या दिवसांच्या आधी आणि शेवटी करा आणि वहीत लिहून ठेवा. एका वर्षाचा आकडा फारसं बोलत नाही, तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की आई काय म्हणतायत ते दिसेल.

एक कळकळीचं, मोजायला म्हणून विहिरीत उतरू नका, गाळ किती ते बघायलासुद्धा नाही. तळाशी ऑक्सिजन कमी असू शकतो किंवा कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्याला वास नसतो, माणूस खाली गेल्यावर बेशुद्ध पडतो आणि मग त्याला काढायला दुसरा उतरतो तोही जातो. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवणं तर त्याहून वाईट. काम वरून करा, उतरायचंच असेल तर हवा तपासणारे आणि दोर-साहित्य असलेले लोक बोलवा.

प्रश्न : बारा वर्षं छान चाललेला बोअर या वर्षी कमी पडतोय. एकजण म्हणतो आणखी खोल करा, एकजण म्हणतो मोटर बदला. कुणाचं ऐकू?

उत्तर : अजून कुणाचंच नको, आधी पातळी दोन वेळा मोजा, मोटर बंद असतानाची आणि तासभर चालल्यावरची. जुने आकडे असतील तर शोधा, बोअर मारला तेव्हाच्या कागदावर बहुतेक असतात.

समजा तेव्हा बंद असताना पाणी १५ मीटरवर होतं आणि मिनिटाला २० लिटर उपसताना २० वर गेलं. ५ मीटर उतरून २० लिटर, म्हणजे मीटरमागे ४. आता बंद असताना १५ वरच आहे पण तेवढ्याच उपशाला ३० पर्यंत जातंय, तर जमिनीखालचं पाणी आहे तिथेच आहे, ते आत यायला वाट मिळत नाहीये. क्षाराचा थर बसतो, लोहावर वाढणारे जिवाणू चिकट राप धरतात, गाळ साचतो. अशा बोअरला साफसफाई लागते, खोली नाही. उलट बंद असतानाच पाणी २५ वर असेल आणि उपसताना ३० वर, तर बोअर ठणठणीत आहे, भूजलच १० मीटर उतरलंय. तिथे मोटर खाली सोडता येते का बघा, मग खोलीचा विचार. खोल केल्याने नवी भेग लागली तर पाणी वाढतं, नाही लागली तर नुसती साठ्याची जागा वाढते, तीही कधीकधी उपयोगी असते म्हणा.

आणि दोन्ही पातळ्या जुन्यासारख्याच निघाल्या किंवा उपसताना पाणी पूर्वीपेक्षा कमीच उतरतंय, पण बादली उशिरा भरतेय? मग मोटरचे इम्पेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारी आतली चाकं, झिजलेत किंवा आतल्या पाईपला भोक पडलंय आणि उचललेलं पाणी तिथूनच परत खाली पडतंय. मोटर बंद करून केसिंगला, म्हणजे बोअरच्या तोंडाशी दिसणाऱ्या बाहेरच्या पाईपला, कान लावा, चालू असताना पुन्हा लावा. आत पाणी पडल्याचा आवाज येत असेल तर मोटर नका बदलू, आधी पाईप वर काढा.