एक भाव, तीन खिडक्या: कोणी कोणाला सांगायचं?

प्रश्न: भाऊ नमस्कार, कळमना मार्केटमधल्या एका संत्रा अडत्यासाठी जावा स्विंगमधे (जावाच्या विंडो आणि बटनं बनवायच्या लायब्ररीत) सॉफ्टवेअर बनवतोय. लॉटचं टेबल, दिवसभराच्या भावाचा चार्ट आणि शेतकऱ्याला द्यायच्या पट्टीची (हिशोबाच्या बिलाची) विंडो असे तीन व्ह्यू, म्हणजे तोच भाव दाखवणाऱ्या तीन खिडक्या, आहेत. टेबलमधे भाव बदलला की पट्टीत जुनाच दिसायचा, म्हणून टेबलच्या कोडमधूनच पट्टी आणि चार्ट रिफ्रेश केले, मग पट्टीतून टेबल, आणि आता मधेच सगळं हँग होतं. प्रत्येक व्ह्यूला वेगळा कंट्रोलर, म्हणजे माउस-कीबोर्ड सांभाळणारा भाग, हवा का? – एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर: भाऊ, तुमचा घोळ कंट्रोलरचा नाहीच, तुमचे व्ह्यू एकमेकांना ओळखतात हा घोळ आहे. टेबल पट्टीला हाक मारतं, पट्टी टेबलला, आणि दोघं एकमेकांना हाका मारत बसतात, हँग होणारच. उद्या मालक म्हणेल चौथी विंडो पाहिजे, मग काय पुन्हा तिन्ही फाइली उघडणार?

लिलावात भाव एकदाच मोठ्याने पुकारतात आणि ज्याला हवा तो आपापल्या वहीत लिहून घेतो, पुकारणारा कोणाच्या वहीत डोकावत नाही. मॉडेलने, म्हणजे खरी माहिती आणि हिशोब सांभाळणाऱ्या कोडने, एवढंच करायचं. लॉटच्या क्लासमधे प्रॉपर्टीचेंजसपोर्ट (बदलाचा निरोप पाठवणारा जावाचा तयार क्लास) ठेवा, भाव बदलला की तो कळवेल, आणि तिन्ही व्ह्यू फक्त मॉडेलचं ऐकतील. टेबलमधे टनामागे २८,००० चे ३०,००० केले तर टेबलने थेट मॉडेलला सांगायचं, स्वतःचा आकडासुद्धा मॉडेलकडून निरोप आल्यावरच बदलायचा. जुनी आणि नवी किंमत सारखीच असेल तर प्रॉपर्टीचेंजसपोर्ट निरोप पाठवतच नाही, त्यामुळे गोल गोल फिरणं तिथेच थांबतं.

पट्टीच्या टेक्स्टफील्डकडे मात्र नीट बघा. तिथे डॉक्युमेंटलिसनर (लिसनर म्हणजे बदलाचा निरोप ऐकणारा कोड, हा फील्डमधल्या मजकुराचा) लावून प्रत्येक कीला मॉडेल बदलत असाल तर ३०,००० टाइप होईपर्यंत मॉडेलमधे आधी ३ जातो, मग ३०, मग ३००, आणि चार्ट तळाला आपटून वर येतो. वर त्याच लिसनरमधून मॉडेलचा निरोप परत येऊन त्याच फील्डवर सेटटेक्स्ट झालं तर स्विंग सरळ एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकतं. एंटर दाबल्यावर किंवा फोकस गेल्यावरच भाव मॉडेलकडे द्या.

टेबलसाठी फायरटेबलडेटाचेंज्ड (सगळं टेबलच बदललं असं कळवणारी मेथड) सगळे वापरतात कारण सोपं आहे, पण त्याने निवडलेली ओळ सुटते आणि गर्दीच्या वेळी काउंटरवरचा माणूस वैतागतो. जेवढी ओळ बदलली तेवढ्यापुरतं फायरटेबलरोज्अपडेटेड करा. सॉर्टिंग चालू असेल तर कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेल (दिसणाऱ्या ओळीचा मॉडेलमधला खरा क्रमांक देणारी मेथड) विसरू नका, नाहीतर भाव भलत्याच शेतकऱ्याच्या लॉटला चिकटेल, आणि हा पैशाचा मामला आहे. कोणती ओळ निवडली, चार्ट किती झूम आहे, हे मॉडेलमधे अजिबात ठेवू नका, ते त्या त्या व्ह्यूचं स्वतःचं. दोन व्ह्यूंमधे निवड खरंच सारखी दिसायला हवी असेल तर निवडीचं वेगळं छोटं मॉडेल करा.

आता कंट्रोलर. त्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मधे झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेसाठी ही मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर रचना मांडली, आणि स्मॉलटॉकमधे प्रत्येक व्ह्यूचा कंट्रोलर वेगळा असायचा, तोच माउस आणि कीबोर्ड सांभाळायचा. स्विंगमधे ते काम कंपोनंट स्वतःच करतात, म्हणून तिथे व्ह्यू आणि कंट्रोलर बरेचसे एकातच आहेत, वेगळा क्लास ओढूनताणून काढायची गरज नाही. पण अडत किती आणि हमाली कशी धरायची हे बटनाच्या कोडमधे लिहू नका, ते मॉडेलमधेच हवं, नाहीतर पट्टीवर एक बेरीज आणि टेबलमधे दुसरी.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारली नाही तरी सांगतो कारण संत्र्याच्या सीझनमधे ती हमखास त्रास देईल. जेफ्रेम (स्विंगची विंडो) बंद केली तरी ती मुळात फक्त लपते, आणि तिचा लिसनर मॉडेलला लटकलेलाच राहतो. प्रत्येक पट्टीला नवीन विंडो उघडत असाल तर संध्याकाळपर्यंत एका भावबदलाला शेकडो लपलेल्या पट्ट्या जाग्या होतील आणि मशीन रांगायला लागेल. विंडोला डिस्पोज-ऑन-क्लोज लावा, म्हणजे ती लपण्याऐवजी खरंच मोकळी होईल, आणि विंडोक्लोज्डमधे रिमूव्हप्रॉपर्टीचेंजलिसनर करा. तपासायचं असेल तर पट्टी बऱ्याच वेळा उघडून बंद करा आणि मॉडेलकडे किती लिसनर उरले ते छापून बघा.