ख्रिस्ती माणसाने रोजच्या जगण्यात मोहापासून दूर कसं राहायचं?

तुम्ही लिहिलंय की रविवारी चर्चमध्ये डोळ्यात पाणी येतं, मनापासून ठरवता, आणि मंगळवारपर्यंत परत तेच, मग वाटतं आपला विश्वासच खोटा आहे का. भाऊ, आधी हे डोक्यातून काढा. मोह होणं म्हणजे पाप नाही. बायबलमध्ये इब्री 4:15 ला साफ लिहिलंय की येशूची सगळ्या प्रकारे आपल्यासारखीच परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला. नुसता विचार मनात आला म्हणून स्वतःला खोटा ख्रिस्ती ठरवलं की माणूस 'आता बिघडलंच आहे तर बिघडू दे' म्हणून अजून खाली जातो. मी गेलोय म्हणून सांगतो.

मी नागपूरचा, सदरकडे राहतो, वाडीला एका गोडाऊनमध्ये बिलिंगचं काम करतो. माझा मोह क्रिकेटच्या सट्ट्याचा. 2023 ची आयपीएल नुकतीच चालू झाली होती, टपरीवर चहा घेताना सोबतच्या एका पोराने मोबाईल पुढे केला, म्हणे आयडी देतो, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं, पाचशेचे कॉइन टाकून पाहा फक्त. स्क्रीनवर निळे आणि गुलाबी चौकोन, निळ्यात लगवाडी म्हणजे टीम जिंकेल यावर पैसे, गुलाबीत खायवाडी म्हणजे जिंकणार नाही यावर, दर बॉलला आकडे हलतात. पहिल्या रात्री नऊशे जिंकलो, आणि तेच वाईट झालं. मे संपेपर्यंत एक्केचाळीस हजार गेले, त्यात मुलीच्या शाळेची फी होती. बायकोला सांगितलं शाळेने तारीख पुढे ढकलली.

आणि हे सगळं सुरू झालं ते लेंटमध्ये, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत. लेंटच्या पहिल्या दिवसापासून, भस्म बुधवारपासून, मी मटण सोडलं होतं, एक दिवस मोडलं नाही. 7 एप्रिलला गुड फ्रायडे होता, दुपारी तीन तास उपासनेत बसलो, येशूची वधस्तंभावरची सातही वचनं ऐकली, आणि त्याच रात्री बाथरूमची कडी लावून मोबाईल घेऊन बसलो. प्रार्थना करत नव्हतो असं नाही हो, करत होतो, 'प्रभू मला वाचव' म्हणत होतो, पण हातात मोबाईल, मॅच चालू आणि आयडी उघडलेला.

जूनमध्ये एका कॉटेज मीटिंगनंतर, म्हणजे कोणाच्या घरी भरलेल्या प्रार्थनासभेनंतर, सगळे चपला घालून निघाले तेव्हा मी मागे थांबलो आणि एका काकांना सगळं सांगितलं, रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. मला वाटलं आता वचनं ऐकावी लागतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता?" मी म्हटलं, काय किती वाजता? "मॅच किती वाजता लागते, अन् तू प्रार्थना किती वाजता करतो?" मॅच साडेसातला. प्रार्थना मी करायचो पावणेआठला, पैसे लावल्यावर. ते म्हणाले, सातला करत जा, मोबाईल बायकोजवळ देऊन.

मग त्यांनी येशूचा शिष्य पेत्र याचं सांगितलं, आणि ती गोष्ट लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकूनही मला कधी तशी दिसली नव्हती. आपण म्हणतो पेत्र कोंबडा आरवायच्या आधी तीनदा पडला, 'मी येशूला ओळखत नाही' म्हणाला. पण त्याच्या आधी गेथशेमाने बागेत येशू त्याला म्हणाला होता, जागृत राहा आणि प्रार्थना करा, म्हणजे मोहात पडणार नाही (मत्तय 26:41), आणि पेत्र झोपला होता. मुख्य याजकाच्या अंगणात त्या दासीसमोर उभं राहून धीर गोळा करायला गेला तेव्हा उशीर झाला होता. मला तर वाटतं आपण सगळे तिथेच चुकतो, अंगणात लढायला जातो आणि बागेत झोपतो.

योसेफाचंही तसंच. तो मिसरात गुलाम होता, मालक पोटीफरच्या बायकोने त्याला मोहात ओढलं तेव्हा तिच्या हातात वस्त्र टाकून तो पळाला, यावर मी कितीतरी संदेश ऐकले असतील. पण उत्पत्ती 39 चं दहावं वचन वाचा, ती रोज रोज त्याच्या मागे लागायची आणि तो तिच्याजवळ थांबायलाही तयार नसायचा. रोज आधीच दूर राहत होता, म्हणून त्या दिवशी पाय हलले.

1 करिंथ 10:13 मध्ये लिहिलंय की देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करील. मी आधी समजायचो की उपाय म्हणजे मनात एकदम मोठं बळ येईल, इच्छाच मरून जाईल. तसं काही झालं नाही. माझा उपाय फार साधा होता, टपरी बदलली. आता शंभर पावलं जास्त चालतो चहासाठी, उन्हाळ्यात नागपूरच्या उन्हात ते शंभर पावलंही जाणवतात, पण तो पोरगा आणि त्याचा मोबाईल समोर येत नाही. बँकेचं ॲप बायकोच्या फोनमध्ये आहे. तिला सांगणं सगळ्यात जड गेलं, दोन दिवस ती बोलली नाही, मग तिनेच तिच्या भिशीचे पैसे फीमध्ये भरले, आणि ते पैसे मी वर्षभर महिन्याला थोडे थोडे करून तिला परत दिले.

अजून एक पाहा, तुमचा मोह कोणत्या वेळी येतो. सैतान येशूकडे आला तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर, एकटा असताना. म्हणाला, दगडांच्या भाकरी कर. भाकर हवीशी वाटणं काही पाप नाही, भूक खरीच होती. माझी वेळ म्हणजे महिन्याची वीस तारीख उलटली, खिशात काही नाही, बायको माहेरी. तुम्ही तुमचं पाप कोणतं ते लिहिलं नाही, लिहूही नका इथे, पण वार आणि वेळ कागदावर लिहून काढा. दोन आठवड्यांत तुम्हालाच दिसेल.

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, बरं झालं, कितीतरी घरं वाचतील. पण सट्टा आधीही बेकायदेशीरच होता आणि मला त्याने थांबवलं नव्हतं.

परत पडलो तर काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. मी पडलो, 2024 मध्ये, तीनशे रुपये, जुन्याच आयडीवर. फरक एवढाच की त्या रात्री अकरा वाजता काकांना फोन केला, आधीसारखे दोन महिने लपवले नाहीत. तेव्हा त्यांनी मला बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान उघडायला लावलं. 18 व्या अध्यायात पेत्र कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा आहे आणि नाकारतोय. 21 व्या अध्यायात समुद्रकिनारी परत कोळशाचा विस्तव आहे, तो येशूने पेटवून ठेवलाय, वर मासळी, सोबत भाकर, आणि तिथे तो पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. किती वेळा पडलास हे विचारत नाही. आधी म्हणतो, या, न्याहारी करा. मी ते वाचता वाचता रडलो.

म्हणून पडलात तर रविवारची वाट पाहू नका, त्याच रात्री कोणाला तरी सांगा, पास्टर असोत, मोठा भाऊ असो, ज्याच्यासमोर लाज वाटेल पण जो तुम्हाला सोडणार नाही असा माणूस. माझ्या काकांचा फोन मॅचच्या दिवसांत अजूनही सातला येतो. कधी कधी नुसतं विचारतात, जेवला का? मी म्हणतो, हो काका, फोन तिच्याजवळच आहे, हा तुमच्यासाठी घेतला फक्त.